अचूक रायफलीसाठी क्लीनिंग रॉड निवडताना

गेली काही वर्षे माझ्याकडे .२२ रिमफायरची (काडतुसाच्या कडेवर आघात करणारी) एक टार्गेट रायफल आहे आणि अलीकडेच तिच्या जोडीला ६.५ मिलिमीटर बोअरची एक सेंटरफायर (काडतुसाच्या मध्यावर आघात करणारी) रायफल आली. पहिल्या रायफलीचा क्लीनिंग रॉड, म्हणजे नळी आतून साफ करायचा दांडा, दुसरीलाही चालेल का, या साध्या प्रश्नापासून मी सुरुवात केली आणि नळीची सफाई नेमकी कशी घडते याचा मुळापासून विचार करावा लागला. या रॉडच्या निवडीला मी दुर्बिणीच्या निवडीपेक्षा जास्त वेळ दिला आणि तो योग्य ठिकाणी लागला असे मला मनापासून वाटते.

गोळी वगळली तर नळीतून वारंवार जाणारी वस्तू एकच, ती म्हणजे हा रॉड. माझा हिशेब असा आहे. एका सफाईत साधारण आठ चिंध्या आणि ब्रशच्या दहा फेऱ्या होतात. प्रत्येक वेळी जाणे आणि येणे धरले तर रॉड नळीतून ३६ वेळा सरकतो. वर्षात चाळीस वेळा सफाई केली, तर हा आकडा १,४४० वर जातो. गोळीचा बाहेरचा थर शिशाचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा, म्हणजे नळीच्या पोलादाहून पुष्कळ मऊ असतो आणि गोळी नळीच्या मध्यातून नेमकी जाते. रॉडची गोष्ट तशी नाही. तो हाताने ढकलला जातो, हात कधी वर तर कधी डावीकडे झुकतो आणि रॉडच्या अंगावर काय चिकटले आहे याकडे बहुतेकांचे लक्ष नसते.

नळीच्या दोन जागा विशेष नाजूक असतात. एक म्हणजे चेंबर (काडतूस बसते तो मागचा भाग) संपून रायफलिंग, म्हणजे नळीतल्या वळणदार खाचा आणि त्यांच्यामधले उंचवटे, सुरू होते ती जागा, जिला थ्रोट म्हणतात, आणि दुसरी म्हणजे नळीच्या तोंडाची आतली कड, म्हणजे क्राउन. यांतली दुसरी जागा अधिक फसवी आहे. गोळीचे बूड नळीच्या कडेपासून सुटते त्या क्षणी तिच्या मागचा दाबाखालचा वायू चहूबाजूंनी सारखा निसटायला हवा. कडेवर एका बाजूला जरी झीज किंवा ओरखडा असला, तरी वायू त्या बाजूने किंचित आधी निसटतो, गोळीच्या बुडाला तिरका धक्का देतो आणि गोळी डुलत पुढे जाते. ५० मीटर रायफल प्रकारात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणून डोळ्याला न दिसणारी कडेची झीजही तिथे गुणांत दिसू लागते.

लष्करी रायफलींच्या इतिहासात याचा पुरावा आहे. रशियन मोसिन-नागांत रायफली अनेक वर्षे पोलादी गजाने तोंडाकडून साफ केल्या गेल्या आणि त्यांपैकी कितीतरी नळ्यांची तोंडे इतकी झिजली, की दुरुस्तीच्या कारखान्यात तोंडाजवळचा भाग आतून मोठा कोरून काढावा लागला, म्हणजे नवी कड थोडी आत तयार झाली. अमेरिकेच्या एम-१ गॅरंडची रचनाच अशी आहे, की मागून सरळ रॉड घालता येत नाही. ती तोंडाकडूनच साफ करावी लागते आणि म्हणून तिच्यासाठी कडेचे रक्षण करणारी छोटी टोपी वापरतात. ब्रिटिश ली-एनफिल्डच्या दस्त्यात तेलाच्या बाटलीशेजारी पितळी वजनाची दोरी, म्हणजे पुल-थ्रू, ठेवलेली असे. तिच्यात रॉड वाकण्याचा प्रश्न नव्हता, पण दोरी तिरकी ओढली तर तीही कड झिजवू शकते. बोल्ट-ॲक्शन रायफल वापरणारे या बाबतीत सुदैवी आहेत. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, काढला की मागची वाट सरळ मोकळी होते, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करता येते आणि सफाई चेंबरकडून तोंडाकडे, गोळीच्याच दिशेने करता येते.

माझा पहिला रॉड तीन तुकड्यांचा, ॲल्युमिनियमचा होता. एका डबीत सगळे सामान मिळते म्हणून तो घेतला होता. काही महिन्यांनी लक्षात आले, की कोरडी, स्वच्छ चिंधीसुद्धा कडेला राखाडी रेघ घेऊन बाहेर येते. तो मळ नळीचा नव्हता. रॉडचे ॲल्युमिनियम नळीच्या उंचवट्यांवर घासले जाऊन चिंधीवर उतरत होते. भिंगाखाली पाहिले तेव्हा दोन्ही जोडांपाशी आटे नीट बसूनही केसाएवढी पायरी राहिलेली दिसली आणि पायरीच्या धारेवर चमक आली होती. तुकड्यांच्या रॉडचा खरा दोष मला धातूपेक्षा या जोडात वाटतो. जोड म्हणजे एक धार आणि एक कमकुवत सांधा. ढकलताना रॉड आधी तिथेच कोपरासारखा वाकतो आणि ती धार नळीला लावतो. म्हणून माझ्या निवडीतली पहिली अट ठरली, की रॉड अखंड असावा. प्रवासाला लांब पडतो ही अडचण खरी आहे आणि ती मी मान्य केली आहे.

रॉड घेताना बहुतेक चर्चा धातूवर होते: पोलाद की कार्बन फायबर, लेप असलेला की नसलेला. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न जाडी आणि लांबीचा आहे, कारण रॉड नळीला लागतो तो मुख्यतः वाकल्यामुळे. उभ्या दांड्याला दोन्ही टोकांकडून दाबले, तर एका ठरावीक भारानंतर तो अचानक बाजूला वाकतो. हा भार किती, याचे सूत्र लिओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकात मांडले. दांड्याची लांबी वाढली की हा भार लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो आणि भरीव गोल दांड्याची जाडी वाढली की तो जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. आकड्यांत सांगायचे, तर ५ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटर जाडीचा रॉड घेतला की तो वाकण्यापूर्वी दुपटीहून थोडा अधिक भार सोसतो. उलट, ३६ इंचांऐवजी ४४ इंचांचा रॉड घेतला की तोच भार सुमारे दोन तृतीयांशावर येतो. एक मिलिमीटर जाडीने जे मिळते, त्याचा मोठा भाग आठ इंचांच्या अनावश्यक लांबीने निघून जातो. म्हणून नळीत जाईल तेवढा जाड आणि गरजेपुरताच लांब, हा माझा नियम झाला.

गरजेपुरता म्हणजे किती, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. मी बोल्ट काढून, टेप लावून मोजले. ६.५ च्या नळीची लांबी २६ इंच, म्हणजे ६६० मिलिमीटर. नळीमागची ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, सुमारे २०० मिलिमीटर. तिच्यामागे रॉड गाइड, म्हणजे रॉड सरळ धरणारी, बोल्टच्या जागी बसणारी नळी, साधारण ७० मिलिमीटर बाहेर येतो. बेरीज ९३० झाली. ३६ इंचांचा रॉड ९१४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो कडेपर्यंत पोहोचायला १६ मिलिमीटर कमी पडणार. इतके कमी पडल्याने काय बिघडते, असे वाटू शकते. पण ब्रशचा मागचा भाग नळीतच अडकून राहतो आणि ब्राँझचे केस नळीत असतानाच उलट फिरवावे लागतात. ते केस एका दिशेला झुकून घट्ट बसलेले असतात, ते आतल्या आत उलटत नाहीत. जोर लावला तर ब्रश अडकतो किंवा त्याचे केस मोडतात. ४४ इंचांच्या, म्हणजे १,११८ मिलिमीटरच्या रॉडने काम झाले असते, पण जवळजवळ १९० मिलिमीटर लांबी विनाकारण बाहेर लोंबली असती. मी ४० इंचांचा घेतला. त्यात ८६ मिलिमीटर जास्त आहेत आणि हातासाठी तेवढी जागा पुरते.

एक गोष्ट सूत्रात थेट दिसत नाही, ती हातालाच कळते. रॉडचा जो भाग हात आणि गाइड यांच्यामध्ये मोकळा असतो, तोच सहज वाकतो. नळीतला भाग नळीच्या भिंतीमुळे फार वाकू शकत नाही. त्यामुळे घट्ट चिंधी सुरू करताना मागच्या मुठीला धरून जोर लावण्यापेक्षा दुसऱ्या हाताने रॉड गाइडजवळ धरून सावकाश आत सारावा आणि चिंधी चालू लागली की मुठीकडे जावे.

जाडीचीही एक मर्यादा आहे. .२२ च्या नळीत समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर साधारण ५.५ मिलिमीटर असते, ६.५ च्या नळीत ते ६.५ मिलिमीटर असते. ५ मिलिमीटरचा रॉड पहिल्या नळीत प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटर जागा सोडतो आणि दुसऱ्या नळीत पाऊण मिलिमीटर. पहिल्यात तो जेमतेम हलू शकतो, दुसऱ्यात पुष्कळ. पण नळीला अगदी भिडणारा रॉड घेतला, तर चिंधीची मागे दुमडलेली कड रॉड आणि नळी यांच्यामध्ये कोंबली जाते आणि रॉड मध्येच अडतो. असे एकदा झाले, तेव्हा चिंधी सोडवायला मला अर्धा तास लागला आणि तो अर्धा तास मी नळीच्या काळजीने अस्वस्थ होतो. एकच रॉड दोन्ही रायफलींना चालेल का, या माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. तो आत जातो, पण ६.५ ला त्याहून जाड रॉड योग्य.

आता धातू. पोलादाचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट आणि पितळेच्या सुमारे दुप्पट असतो. कार्बन फायबर फार हलके असते, पण अशा दांड्यांसाठी वापरले जाणारे सामान्य कार्बन फायबर त्याच जाडीत पोलादाइतके ताठ नसते. त्याचा मोठा गुण वेगळाच आहे. ते वाकले तरी सोडल्यावर सरळ होते, तर पोलाद मर्यादेपलीकडे वाकले की कायमचे वाकडे राहते. उलट, कार्बन फायबरचे तंतू एखाद्या जागी उसवले तर तिथले टोचरे टोक नळीसाठीही वाईट आणि बोटांसाठीही वाईट. मऊ धातूबद्दल पुष्कळांचा समज असतो, की पितळ किंवा ॲल्युमिनियम नळीहून मऊ असल्याने नळीला इजा करू शकत नाही. स्वतः धातू करत नाही हे खरे, पण मऊ पृष्ठभागात कण रुततात. अनेक रिमफायर काडतुसांच्या प्रायमर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या, मिश्रणात बारीक कुटलेली काच असते. तिचे कण आणि जळलेल्या दारूची टणक काजळी मऊ दांड्यात रुतून बसली, की तो दांडा कानशीसारखा वागतो. प्लास्टिक किंवा नायलॉनचा लेप असलेल्या पोलादी रॉडवरही हा आक्षेप लागू पडतो, आणि तो मी नाकारत नाही.

याविषयी मी माझ्या प्रशिक्षकांशी बराच वाद घातला. ते अनेक वर्षे लेप नसलेला, घासून गुळगुळीत केलेला पोलादी रॉड वापरतात. माझे सगळे मुद्दे शांतपणे ऐकून त्यांनी विचारले, “तू रॉड पुसतोस कधी?” मी म्हणालो, “काम संपल्यावर.” ते म्हणाले, “मग धातूचं मला सांगू नकोस. प्रत्येक फेरीनंतर पुसायला लाग, मग आपण धातूवर बोलू.” त्यांचे म्हणणे मला पटले. तेव्हापासून डाव्या हातात सॉल्व्हंटने, म्हणजे मळ विरघळवणाऱ्या द्रवाने, ओलसर केलेला फडका असतो आणि रॉड बाहेर येताना त्यातूनच येतो. त्या फडक्यावर जो काळा मळ साचतो, तो पाहिल्यावर ही सवय कोणी सोडेल असे मला वाटत नाही.

शेवटी मी दोन्ही रायफलींसाठी लेप असलेले स्प्रिंग-पोलादी रॉडच घेतले. .२२ च्या बारीक जाडीत पोलादाचा ताठपणा सोडायला मी तयार नव्हतो. ६.५ साठी कार्बन फायबरही चांगले झाले असते, विशेषतः ज्याला रॉड गाडीतून सतत न्यावा लागतो त्याच्यासाठी. पण माझे काम एका जागी, टेबलावर, रायफल स्टँडमध्ये बसवून होते. लेपात मात्र नियमित लक्ष घालावे लागते. तो कुठे कापला गेला किंवा सुटला, तर रॉड बदलण्याची वेळ आली असे समजावे.

रॉड गाइडविना कोणताही रॉड अपुरा आहे, हे मी थोडे ठासून सांगतो. गाइड म्हणजे बोल्टच्या जागी बसणारी नळी. ती रॉडला नळीच्या मध्याच्या रेषेत धरते, थ्रोटवर पडणारा रॉडचा भार टाळते आणि चेंबरपाशी रबराच्या कड्याने बंद होऊन सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये व दस्त्याच्या खोबणीत उतरू देत नाही. गाइडचे छिद्र रॉडच्या जाडीला साजेसे हवे. सैल छिद्रातून रॉड तिरका जातो आणि मग गाइडचा अर्धा उपयोग संपतो. म्हणून मी आधी रायफलीच्या ॲक्शनला बसणारा गाइड ठरवला, त्याचे छिद्र मोजले आणि त्यानंतर रॉडची जाडी पक्की केली. रायफलीचे तोंड थोडे खाली झुकवून ठेवले, तर द्रव मागे येण्याची भीती आणखी कमी होते.

मुठीच्या आकाराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हाताला बसेल ती घ्यावी. मुठीतल्या बेअरिंगविषयी मात्र सांगायला हवे. ८ इंचांत एक वेढा असलेल्या माझ्या २६ इंची नळीत रॉड शेवटपर्यंत गेला, की तो सुमारे तीन वेढे फिरतो. रॉड मोकळा फिरला तर ब्रशचे केस खाचांच्या तळातून वेढ्याबरोबर जातात. न फिरल्यास ते उंचवट्यांवरून आडवे उड्या मारतात आणि खाचांच्या कोपऱ्यांतली काजळी तिथेच राहते. आणखी एक परिणाम मला उशिरा उमगला. उजव्या वेढ्याच्या नळीत रॉड पुढे ढकलताना मूठ अडली, तर रायफलिंग ब्रशला त्याचे आटे सैल होण्याच्या दिशेने पिळते. ब्रश वारंवार ढिला होत असेल, तर दोष बहुधा आट्यांत नसून बेअरिंगमध्ये असतो. बेअरिंग तपासताना बोटाने गरागरा फिरवून पाहू नये; रॉडचे टोक लाकडावर टेकवून, मुठीवर सफाईच्या वेळेइतका जोर देऊन, दुसऱ्या हाताने रॉड फिरवावा. भाराखाली जे बेअरिंग अडखळते, ते नळीतही अडखळणार.

आट्यांची मापे खरेदीपूर्वी वाचून घ्यावीत. बहुतेक ब्रश आणि जॅग (चिंधी धरणारे टोक) ८-३२ या अमेरिकी मापाचे असतात (पहिला आकडा जाडीचा, दुसरा एका इंचातल्या आट्यांचा), .१७ आणि .२० च्या बारीक रॉडना ५-४० चे आटे असतात आणि काही रॉडना ८-३६ चे. ८-३२ आणि ८-३६ यांची जाडी एकच असल्याने चुकीचा जॅग एकदोन आटे आत शिरतोसुद्धा. मग तो अडतो, जोर लावला की पितळी आटे कापले जातात. मी दोन मापे जुळवणारा जोडणीचा तुकडा रॉडवर कायमचा लावून ठेवला आहे. रॉडच्या टोकाची बोंडी आणि जॅग बहुधा पितळेचे असतात आणि पितळेत तांबे असते. तांब्याचा थर काढणारा अमोनियायुक्त सॉल्व्हंट नळीतल्या तांब्याप्रमाणेच त्यांनाही खातो आणि चिंधीवर निळा-हिरवा डाग उमटतो. नळी स्वच्छ झाली तरी डाग येतच राहतो आणि माणूस उगाच आणखी दहा चिंध्या घालतो. निकेलचा मुलामा असलेला किंवा तांबेविरहित धातूचा जॅग वापरला, तर हा गोंधळ टळतो.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या ४.५ मिलिमीटर रायफलीला यातले फारसे काही लागू नाही. तिच्यात ना दारूची काजळी असते, ना तांबे. फेल्टच्या गोळ्या किंवा मऊ पुल-थ्रू पुरतो आणि तीव्र सॉल्व्हंट तिच्या रबरी सीलना अपायकारक असतो.

नवा रॉड हाती आला तेव्हा मी तो मूठ बाहेर ठेवून काचेच्या सपाट तुकड्यावर गडगडवला आणि खालून प्रकाश दिसतो का ते पाहिले. सरळ रॉड आवाज न करता गडगडतो, वाकडा थडथडतो. आता दोन्ही रॉड खिळ्यांवर मुठीने उभे टांगलेले असतात. भिंतीला टेकवून ठेवलेला रॉड हळूहळू बाक धरू शकतो. शेवटचे काम मी रायफल स्टँडमध्ये बसवूनच केले. रॉड गाइडमधून आत घातला, जॅग नळीच्या तोंडातून पूर्ण बाहेर येऊन चिंधी गळून पडली त्या क्षणी थांबलो आणि गाइडच्या मागच्या कडेशी रॉडवर पातळ पट्टीचा एक वेढा चिकटवला. ब्रश जॅगहून लांब असल्याने त्याच्यासाठी दुसऱ्या रंगाची पट्टी थोडी मागे आहे. रॉड याहून पुढे गेला, तर बाहेर आलेले टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकते आणि मागे घेताना त्याची बोंडी नेमकी कडेवर घासते, म्हणून खूण गाइडला टेकली की माझा हात थांबतो.